चिन्नोरच्या भातातला खडा

भावनाचं लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. साल २०२३. लग्न डिसेंबरच्या थंडीत लागलं, पण मुलाकडची माणसं पहिल्यांदा जेवायला आली ती ऑगस्टमधल्या एका रविवारी. दिल्लीचा ऑगस्ट म्हणजे उकळत्या भांड्यावरचं झाकण. अंगातून पाणी, भिंतीतून पाणी, मिठाच्या बरणीतूनही पाणी.

अतुल मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, म्हणून लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. त्याची बायको शीला, मुलगी भावना आणि म्हातारे वडील शामराव, एवढं घर. शिवाय रोशनी. ती अतुलच्या बहिणीची मुलगी, भंडाऱ्याची. ती दगडांवर पीएच.डी. करत होती आणि मुनिरक्यात तळमजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहत होती. रविवार आला की आठवड्याचे कपडे आणि आठवड्याची भूक घेऊन मामीकडे हजर.

त्या आठवड्यात ती शनिवारीच आली आणि येताना पिशवीतून एक तुकडा घेऊन आली. आल्याच्या मोठ्या गड्ड्याएवढा, पांढरा-तांबूस, मधून राखाडी पट्टा गेलेला.

"मामी, हा दोन दिवस तुझ्याकडे राहू दे. माझ्या खोलीत इतकी ओल आहे की याला घाम फुटतोय."

"दगडाला घाम?"

"दगड नाही गं, मीठ आहे. राजस्थानात वाळूच्या खाली खूप खोल मिठाचे थर आहेत. फार फार वर्षांपूर्वी तिथे समुद्राचं पाणी अडकलं आणि आटलं. बोअर मारून तिथून काढलाय हा."

शीलाने तुकडा हातात घेतला. जड होता आणि बोटांना ओलसर लागला. "आणि हा राखाडी पट्टा?"

रोशनीचे डोळे चमकले. पट्ट्याचं नाव काढलं की ती अशीच व्हायची. "आमटी आटत ठेवली की काय होतं? आधी गाळ बसतो, मग मीठ आणि सगळ्यात शेवटी, तळाला अगदी चमचाभर राहिलं की जे कडू-तुरट उरतं ते. समुद्राचंही तसंच. आधी चुनखडीसारखे थर बसतात, मग मीठ, आणि शेवटच्या त्या चमचाभर पाण्यात कधी कधी बोरॉन असतं. टाकणखारात असतं ना, ते. त्याचं एक खनिज बनतं, बोरासाइट. फार कमी ठिकाणी सापडतं. मला वाटतंय, या पट्ट्यात ते आहे."

"वाटतंय?"

"माथुर सर म्हणतात, नाहीये. म्हणतात, धूळ आहे. गुरुवारी मशीनवर माझा नंबर आहे. त्यात काही दिसलं नाही, तर हा विषय सोडायचा आणि मुकाट्याने बाकीचं लिहायचं. आणि दिसणार कसं? पट्टा खरवडला की चिमूटभर खनिजाबरोबर मूठभर मीठ येतं. मिठातच सगळं बुडून जातं."

"मग मीठ पाण्यात विरघळव की."

"तेच तर करता येत नाही. तुकडा उसना आहे, सरकारी गोदामातला. चिमूटभर खरवडून बाकी अख्खा परत द्यायचाय. कापतानासुद्धा आम्ही पाणी लावत नाही, रॉकेलमध्ये कापतो."

मग दोघींनी तुकड्याला जागा शोधली. ओला मोबाइल तांदळात ठेवतात, तसाच हाही ठेवायचा ठरलं. पण रोजच्या तांदळाच्या डब्यात सारखे हात जातात. वरच्या फळीवर चिन्नोरचा डबा होता. रोशनीच्या आईने जूनमध्ये भंडाऱ्याहून पाठवलेला वासाचा तांदूळ, सणासुदीचा. रोशनीने तुकडा मलमलच्या फडक्यात बांधला आणि चिन्नोरच्या पोटात खोल खुपसला. उद्या त्याच चिन्नोरचा भात करायचा आहे, हे शीलाच्या लक्षात होतं. सकाळी आपण तांदूळ काढू तेव्हा फडकं बाजूला ठेवू, असा तिचा हिशेब.

पण लग्नघरचा हिशेब कधी जमलाय? रविवारी सकाळी गॅसचं सिलेंडर संपलं, ते बदलेपर्यंत भावनाच्या ब्लाउजचं हुक तुटलं, आणि कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातून अतुलच्या ओळखीच्या माणसाने पाठवलेला बासुंदीचा डबा रिक्षात कलंडून अर्धा सांडला. शीला पुरणाला भिडलेली. अशात शामराव ओट्याशी येऊन उभे राहिले.

"भात माझ्याकडे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही बसा. पाहुण्यांशी बोलायला कुणी नको का?"

"पाहुणे यायचे आहेत अजून. आल्यावर काय, हवा फार दमट आहे म्हणतील, मी हो म्हणेन. त्याला कितीसा वेळ लागतो?"

शामराव बहात्तर साली कारखान्यात फिटर म्हणून लागले, आणि मेसचा आचारी रजेवर गेला की दीडशे माणसांचा भात ते उतरवायचे. भाताच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन लग्नानंतर करू म्हणून त्यांनीच पुढे ढकललेलं. तांदूळ बोटांनी कळतो, डोळे कशाला लागतात, असं त्यांचं म्हणणं. शीलाने विळी बाजूला सरकवून त्यांना जागा दिली आणि पुरणात डोकं घातलं. फडक्याची आठवण तिला झालीच नाही.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे वडील राजाभाऊ, आई प्रभा आणि चार नातेवाईक. मूळचे लातूरकडचे, आता गाझियाबादला वैशालीत. जयभीम झाला, पाणी झालं, हवा फार दमट आहे हेही झालं. पंगत जमिनीवर सतरंज्या टाकून बसली. पहिला वरण-भात वाढला. शीला दारात उभी राहून तोंडं बघत होती. सोयरिकीतलं पहिलं जेवण, जन्मभर बोललं जातं.

प्रभाबाईंनी घास घेतला, सावकाश चावला. "तांदूळ छान आहे हो शीलाताई. वास तर काय सुरेख. मिठाचा हात तेवढा मोकळा दिसतोय तुमचा."

शीलाचे कान गरम झाले. तेवढ्यात राजाभाऊंच्या तोंडात कट्कन वाजलं. असं वाजलं की शेजारच्यानेही मान वळवली.

"खडा," राजाभाऊ म्हणाले. "चालायचंच वहिनी. दाढ माझी आहे, पण सोयरीक दोघांची."

शीला शरमेने अर्धी झाली. "बाबा, तांदूळ निवडले नव्हते का?"

शामरावांना राग आला. भातावर बोट ठेवलं की त्यांना यायचाच. "निवडले. धुतले. खडा म्हणशील तर एकच होता, चांगला मोठा, तोही माझ्या हाताला लागला. चाटून बघितला तर सैंधव. म्हटलं, शहाणी आहे सून, तांदळाला कीड लागू नये म्हणून फडक्यात बांधून ठेवलंय. सोडला आणि टाकला आधणात. मीठ तर घालायचंच होतं, जास्तीचं पेजेबरोबर ओतून दिलं."

पापड वाढणारी रोशनी जागच्या जागी थांबली.

"अख्खा, आजोबा?"

"अर्धा कसा फुटेल? फार कठीण होता."

तिच्या हातातली पापडाची परात हळूच खाली टेकली. शीलाला वाटलं, आता ही पोर इथेच रडणार, पाहुण्यांसमोर. राखाडी पट्टा, गुरुवारचा नंबर, परत द्यायचा तुकडा, सगळं भातात गेलं, आणि भात पानांत. तिने पुढे होऊन रोशनीचा दंड धरला. पण रोशनी तिच्याकडे बघत नव्हती. ती राजाभाऊंकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "तो खडा गिळू नका."

"का? विषारी आहे?"

"नाही नाही. तोंडात आहे ना अजून? या बशीत टाका, प्लीज."

राजाभाऊंनी बायकोकडे बघितलं, मग व्याह्यांकडे, आणि मोठ्या सभ्यपणाने तोंड वळवून बशीत खडा टाकला. साबुदाण्याच्या निम्म्याएवढा. रोशनीने तो पाण्याने धुतला आणि पर्समधून भिंग काढून डोळ्याला लावलं. मग तिने काचेचा वाडगा उपडा केला आणि तो कण बोटाच्या टोकाने त्यावर दाबून ओढला. किर्र आवाज झाला. काचेवर पांढरी रेघ उठली.

"माझ्या आहेरातला वाडगा आहे तो," शीला म्हणाली.

"मामी, मीठ काचेला ओरखडत नाही. चुनखडीही नाही. मीठ सगळं विरघळून गेलं, आणि हे उरलंय." तिने कण परत बशीत ठेवला. "मला जे करायला परवानगी नव्हती ते आजोबांनी करून टाकलं. सगळे थांबा. कुणी गिळू नका. सगळ्यांचा भात मला द्या."

अतुल कपाळाला हात लावून म्हणाला, "पाहुण्यांचं वाढलेलं पान काढून घेणारं मुलीकडचं हे पहिलंच घर."

पण राजाभाऊंना आता चेव चढला होता. दाढेने लावलेला शोध म्हणजे आपलाच शोध, असं काहीसं त्यांना वाटत असावं. "अरे, भात द्या रे तिला," ते नातेवाइकांना म्हणाले. "चावून चावून खा, काही लागलं तर बशीत टाका. लाजू नका." आणि खरोखरच मोठमोठी माणसं बकऱ्यासारखी सावकाश रवंथ करू लागली. कुणाला एक मिळाला. एकाला मिळाला तो लवंगेचा दांडा निघाला, त्यावर हशा पिकला.

"असं नाही मिळायचं," प्रभाबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला. "पातेल्याच्या तळाचा भात आणा. रोळायला हवा. माझ्या माहेरी रेशनचा तांदूळ यायचा, अर्धा तांदूळ, अर्धी वाळू. रोळल्याशिवाय चुलीवर चढत नसे."

शीला बघतच राहिली. घर पारखायला आलेली विहीणबाई तिच्या मोरीत पाटावर बसली होती, मांडीवर परात घेऊन. भातात पाणी घालायचं, परात हलकेच गोल फिरवायची, वरचा भात पाण्याबरोबर पलीकडे सोडायचा, पुन्हा पाणी, पुन्हा हेलकावा. जड असेल ते मागे राहतं. रोशनी शेजारी उकिडवी बसून सारखं म्हणत होती, "हळू काकू, हे वाळूपेक्षाही जड आहे, खाली बसेल," आणि प्रभाबाई म्हणत होत्या, "बाळ, मी हेलकावे देतेय तोवर तू श्वास घे."

शेवटच्या पाण्यानंतर परातीच्या काठाशी चिमूटभर काहीतरी चमकलं. बारीक, साखरेच्या भरड कणांसारखं, किंचित हिरवट. भावना नवीन साडीत मोरीच्या दारात गुडघ्यांवर बसली. "रोशनीताई, हेच का ते?"

"बघू या."

रोशनीने बाथरूम धुण्याच्या ॲसिडचा थेंब बशीत घेतला, दोन-तीन कण फोडून त्यात भिजवले, लोखंडी तारेच्या टोकावर घेतले आणि गॅसच्या निळ्या ज्योतीत धरले. आधी ज्योत पिवळी भडकली. "ते मीठ," ती म्हणाली. पिवळं जळून गेलं, आणि तारेच्या टोकाशी ज्योतीची कड हिरवी झाली. कोवळ्या पोपटी पानासारखी हिरवी. सगळं स्वयंपाकघर पुढे झुकलं.

"दिसलं," शामराव मागून म्हणाले. "दिसलं, दिसलं." त्यांना गॅससुद्धा धूसर दिसतो हे सगळ्यांना माहीत होतं.

रोशनीने तार खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी आजोबांचे गाल धरले. "बोरॉन आहे, आजोबा. सरांना फोन करते."

सगळे एकदम बोलू लागले. राजाभाऊ म्हणाले, खनिजाला आमच्या दाढेचं नाव द्या. अतुलने बासुंदी काढायला सांगितली. आणि शीला मात्र फळीवरच्या रिकाम्या चिन्नोरच्या डब्याकडे बघत उभी राहिली.

जूनमध्ये तांदूळ आला तेव्हा तिने त्याला बोरिक पावडर चोळली होती. पोरकिडे होऊ नयेत म्हणून चोळतात, तिची आई चोळायची, तीही चोळते. ती पावडर म्हणजे तरी काय, त्या टाकणखाराचंच भावंड. ज्योत हिरवी झाली ती दगडाने की डब्याने?

न बोलता राहता आलं असतं. पोर इतकी आनंदात, पाहुणे इतके खुश, पंगतीची लाज पार धुऊन निघालेली. आत्ता तोंड उघडायचं म्हणजे वाढलेल्या बासुंदीत पाणी ओतायचं. पण रोशनीने फोन कानाला लावला होता आणि पलीकडे घंटी वाजत होती. त्या सरांसमोर पोर तोंडावर आपटली तर?

"रोशनी, फोन ठेव."

"मामी, एक मिनिट."

"आधी ठेव. त्या तांदळाला मी बोरिक पावडर लावली होती."

रोशनीने फोन बंद केला. ती खाली फरशीवरच बसली. बासुंदीच्या वाट्या अर्ध्यात थांबल्या.

"म्हणजे ते हिरवं खोटं?" राजाभाऊंनी विचारलं. त्यांना जरा जास्तच लागलं होतं.

रोशनीने कपाळावरचा घाम पुसला. मग तिने मान वर केली. "मामी, बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळते ना?"

"विरघळते. डोळे आले की आम्ही त्याच पाण्याने शेकायचो."

"आणि हे कण एवढ्या उकळत्या भातात राहिले." ती उठली. "कण पुन्हा पुन्हा उकळू या. पाणी बदलत राहायचं. मग शेवटचं पाणी आटवून ते जाळून बघायचं. पाण्यात हिरवं दिसलं नाही आणि कणात दिसलं, तर ते कणातलंच."

आता स्वयंपाकघराची शाळाच झाली. छोट्या वाटीत कण उकळत होते, प्रभाबाई निथळून पाणी काढत होत्या, भावना नवं पाणी ओतत होती. पहिलं पाणी चमच्यात आटवून तारेवर धरलं. हिरवं. शीलाने डोळे मिटले. पुढच्या पाण्याला हिरवी झाक उरली, नुसती शंका यावी इतकी. मग पाणी बदलत गेलं, आणि शेवटचं पाणी आटलं तेव्हा चमच्यात काही उरलंच नाही. तार ज्योतीत धरली. निळं. आणखी धरली. निळंच.

"आता कण," रोशनी म्हणाली. तिने नवीन तार घेतली. राजाभाऊंचा खडाही फोडला, त्यातला तुकडा घेतला. शीलाने तिचं मनगट धरलं, आणि मामी-भाचीने मिळून तो ज्योतीत नेला.

हिरवं. पहिल्यापेक्षा स्वच्छ.

प्रभाबाईंनी ओल्या हाताने शीलाचा हात दाबला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत. अशा घरात मुलगी विचारायला आलो, हेही बरं केलं."

तरी तुकडा गेला तो गेलाच होता. सोमवारी सरांना तोंड दाखवायचं होतं. शामराव म्हणाले, चूक माझी आहे, मी येतो. रोशनी नको म्हणाली, अतुल नको म्हणाला, पण सोमवारी सकाळी म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून दाराशी तयार. सोबत शीला गेली.

माथुर सर गोरे, पोक्त, पिढ्यान्‌पिढ्यांचे दिल्लीकर. त्यांनी रोशनीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"पका दिया?"

"जी सर."

"और खा भी लिया?"

"थोडा नमक ज़्यादा था," शामराव मध्येच म्हणाले. "गलती मेरी है. लड़की की नहीं."

माथुर सर हसले नाहीत. काचेच्या कुपीतले कण त्यांनी उजेडात धरले, पुन्हा पुन्हा हलवले. बोरिक पावडरचं ऐकल्यावर भुवई उचलली, पाणी उकळून बदलल्याचं ऐकल्यावर ती खाली आली. मग स्वतः उठून सूक्ष्मदर्शकाखाली कण ठेवले आणि बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. शेवटी बाजूला झाले आणि शामरावांना म्हणाले, "आइए, आप देखिए. पकाया तो आपने है."

शीलाला वाटलं, बाबा आता पुन्हा दिसलं दिसलं म्हणतील. खाली दिवा प्रखर होता. शामराव वाकले. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. मग पुन्हा पहिल्याने.

"तिकोनी आहेत," ते म्हणाले. "सगळ्या बाजू तिकोनी. कारखान्यात घासून काढल्यासारख्या. कडेला एक तुटलाय."

रोशनीने शीलाकडे बघितलं. शामराव काय म्हणाले ते सरांनी विचारलं, आणि रोशनीने हिंदीत सांगितल्यावर ते म्हणाले, "बिल्कुल सही. बोरासाइट के ऐसे ही होते हैं. मगर मशीन से पूछेंगे."

गुरुवारी मशीनला विचारलं. मशीन रंग बघत नाही, कणाच्या आत अणू कसे रचलेत ते बघतं, त्यामुळे बोरिक पावडरचा तिथे काही संबंध नव्हता. कागदावर रेघा उमटल्या आणि त्या बोरासाइटच्या रेघांशी जुळल्या. सर म्हणाले, भातातून काढलेल्या कणांवर जगात कुणी विश्वास ठेवणार नाही, शेजारच्या पेटीतला तुकडा मागा आणि या वेळी विरघळवायची परवानगीही मागा. उसना तुकडा गमावल्याबद्दल रोशनीला गोदामाच्या साहेबाचं अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. तिने मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी परवानगी घेऊनच उठली.

ऑक्टोबरमध्ये गोदामातल्याच एका खोलीत, साध्या बादलीत, रोशनीने दुसरा तुकडा पाण्यात सोडला. मीठ गेलं. तळाशी कण राहिले. तिने लक्ष्मीबाई नगरला फोन लावला तेव्हा तो शामरावांनीच उचलला.

"आजोबा, यातही आहेत."

"तिकोनी?"

"सगळे."

"मग शिजवायचा की," ते म्हणाले. "थंड पाण्यात किती वेळ बसणार तू?"

रोशनीचा प्रबंध त्याच विषयावर झाला. विषय सोडायला सांगणारे माथुर सरच पुढे तो सगळ्यांना दाखवत फिरले. तो छापून आला तेव्हा शामराव नव्हते. भावनाचं लग्न त्यांनी पाहिलं, एका डोळ्याचं ऑपरेशनही झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया झाला, आणि ११ तारखेला, रविवारी सकाळी, ते घरी वारले.